दिवेलागणीनंतरचं विरजण

पाण्यात बोट बुडवायचं, ते नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "कच्चं हाय."

हा काकूंचा निकाल. त्यावर अपील नाही. अमरावतीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी झेरॉक्सवाला आणि शिलाई मशीन दुरुस्तीवाला यांच्या मधोमध, दाबून बसवल्यासारखं, त्यांचं रंगीत माशांचं दुकान होतं. दुकानदार गिऱ्हाइकाला हात हलवत परत पाठवतो, असं तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. ते गिऱ्हाईक मीच होतो, आणि एकदा नव्हे, चारदा.

मी त्या दुकानात गेलो कशाला, ते आधी सांगतो. वडील गेल्यावर आईला हिवरखेडहून आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. गावी तिच्याजवळ म्हैस होती, दोन शेळ्या होत्या, परसात वांगी-मिरच्या होत्या. इथे होती एक गॅलरी आणि एक टीव्ही. मी आणि बायको दिवसभर क्लासवर. ती गणित शिकवते, मी रसायनशास्त्र. आईचं बोलणं कमी होत गेलं. जेवण कमी झालं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, सगळे रिपोर्ट चांगले आहेत. मग एक दिवस ती गॅलरीतून आत न पाहताच म्हणाली, "बापू, माह्या भरवशावर जगते असं या घरात काईच नाई."

ते मला लागलं. खरं सांगतो, फार लागलं. कुत्रं-मांजर सोसायटीला चालत नाही. म्हणून मी शनिवारी तीन फुटांची काचेची टाकी आणली, वाळू धुऊन पसरली, मोटर लावली, स्पंज लावला, नळाचं पाणी भरलं आणि रविवारी काकूंसमोर उभा राहून दहा मासे मागितले.

"पानी कवा भरलं?"

"काल."

तान्ह्या लेकराला ठेचा-भाकर चारायला निघालेल्या माणसाकडे पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कावून घाई करून राहिले, सर? पानी मुरू द्या. आज मासोळ्या टाकल्या तं त्याइच्याच घानीत त्या मरतीन."

आता, मासे जी घाण करतात तिचा अमोनिया होतो, अमोनिया म्हणजे विष, आणि ते विष खाऊन पचवणारे सूक्ष्म जंतू पाण्यात तयार व्हायला चांगला महिना लागतो, हे मला पाठ आहे. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. फळ्यावर मी हे झोपेतही लिहीन. फक्त घरची टाकी भरताना मला त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही. वर मी काकूंनाच ते चक्र समजावून सांगायला लागलो! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मुरते, असंच ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग उद्या विरजण घेऊन जा. नुसतं दूध ठेवल्यानं दही लागते काय?"

ते विरजण आणायला मी क्लास सुटल्यावर संध्याकाळी गेलो, तर काकूंनी हात जोडले. "दिवेलागन झाली, सर. आता विरजण देत नसते कोनी. लक्ष्मी जाते घरची. सकाळी येजा."

"काकू, हे काय दही आहे थोडंच?"

"मंग काय हाय?"

गेलो बापडा दुसऱ्या दिवशी सकाळी.

दुकानाच्या मागच्या अंगाला, अंधारात, एक जुनी टाकी होती. काचा कडांना हिरव्या झालेल्या, आत साध्या गप्पी मासोळ्या. त्या टाकीतला म्हातारा स्पंज काकूंनी बाहेर काढला आणि एका पिशवीत पिळला. उकळलेल्या चहासारखं पाणी निघालं. मला किळस आली. काकूंनी मात्र पिशवी दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी माझ्या हातात दिली. "पिशवी उन्हात नोका धरू. जित्तं हाय ते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आमच्या घरात एक विलक्षण प्रकार सुरू झाला. रिकाम्या टाकीला रोज सकाळी माशांचं खाद्य चिमूटभर घालायचं. ते कुजणार, त्यावर जंतू पोसणार, अशी काकूंची आज्ञा. हे काम मी आईवर सोपवलं. पहिल्या दिवशी तिने खाद्य टाकलं आणि बराच वेळ पाण्यात पाहत राहिली.

"कोनाले चारून राहिलो, बापू, आपन?"

"पाण्याला."

तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पण दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्याबरोबर, कुणी न सांगता, टाकीपाशी हजर!

आठवडाभराने पाणी दुधाळ झालं. नव्या टाकीत ते होतंच, आपोआप निवळतं. मला माहीत होतं, पण मी आईला सांगितलं नव्हतं. आणि वऱ्हाडातली कोणतीही बाई गढूळ पाण्याला जे करील तेच तिने केलं. तुरटीचा खडा घेऊन टाकीत गरगर फिरवला. मी संध्याकाळी घरी आलो तर टाकी लखलखत होती, आणि आई कित्येक महिन्यांनी हसत होती. "पाह्य, आरसा!"

मी पाणी तपासलं. आंबट झालेलं. तुरटीने पाण्याचा कस पार बदलून टाकला होता, आठवडाभराचं काम मातीत. आणि मी, गाढवासारखा, आईवर ओरडलो. ती जेवायला आली नाही. एवढंच म्हणाली, "माह्या हातून आता काईच होत नाई, बापू. नेऊन टाक ते खोकं."

सकाळी मी काकूंकडे धावलो, टाकीसाठी कमी आणि आईसाठी जास्त. काकूंनी शटर ओढलं आणि माझ्यासोबत निघाल्या. त्यांचे गुडघे दुखायचे; प्रत्येक मजल्यावर थांबून "अरे बाप्पा" म्हणत वर आल्या. चप्पल काढली, बोट बुडवलं, वास घेतला.

"तुरटी?"

आई जमिनीकडे पाहत होती.

"अवं मावशी, तुमी तं तुरटी टाकली," काकू खाली बसत म्हणाल्या. "म्या माह्या पयल्या टाकीत हळद टाकली होती! मासोळीले जखम झाली म्हनून. सारं पानी पिवळं जर्द. आमचे मालक घरी आले तं म्हनते, कढी कावून केली व इतली?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला कळेना, आता हे कोणतं पाणी. काकूंनी तिचा हात धरला. "आता सांगा, काल कोनी मेलं काय?"

"मासोळ्याच नाईत तं मरन कोन?" आई म्हणाली.

"हां! म्हनूनच मी लवकर जीव देत नाई कोनाले. पानी कच्चं असते तवा मानूस बी कच्चंच असते. त्याच्या चुका होऊन जाऊ द्या आधी."

मी तिथेच उभा होतो, तपासणीच्या बाटल्या हातात घेऊन. तुम्हाला सांगतो, मी थक्क झालो. तो रिकामा महिना पाण्यासाठी असतो असं मी समजत होतो. मला चारदा परत पाठवणारी ही बाई त्या महिन्यात माणसालाही मुरवत ठेवत होती, आणि हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

अर्धं पाणी उपसून पुन्हा भरलं, पुन्हा विरजण आलं, अर्थात सकाळचं. पाचेक आठवड्यांनी काकूंनी आमच्या पाण्यात बोट बुडवलं आणि यावेळी डोळे जरा जास्तच वेळ मिटले. "मुरलं. या, घ्या वास." मी घेतला. ओलित केलेल्या वावराचा वास येत होता. काकूंचं माहेर फुलं पिकवणाऱ्यांचं. त्या म्हणाल्या, झेंडूच्या वाफ्यात पाणी सोडलं की असाच वास येतो. मी माझ्या बाटल्यांनी पडताळून पाहिलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्यानंतर मी त्या बाटल्या काकूंसमोर कधी काढल्या नाहीत, लाज वाटायची.

दहा मासे मागितले, तर चारच मिळाले. "इतक्याइचीच घान पचवाची ताकद हाय सध्या. पंधरा दिवसानं अजून दोन." पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग दर थोड्या वेळाने टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत, असं आईच्या हातून करवून घेतलं. "अनोळखी घरात एकदम ढकलाचं नाई जीवाले." पहिली मासोळी पिशवीतून सुळकन बाहेर पडली तेव्हा आईने श्वास धरला होता. खाद्य किती घालायचं? "मासोळीचं पोट तिच्या डोळ्याएवढं असते. तिचा डोळा पाहा, मंग चिमूट भरा." आणि दर गुरुवारी दोन बादल्या पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालायचं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या पाण्यातच हलकासा पिळायचा.

आई बदलली. एका ढेरपोट्या मासोळीचं नाव तिने सरपंच ठेवलं आणि त्याच्या तक्रारी काकूंना फोनवर सांगू लागली. चार पोळ्यांच्या जागी एक खाणारी बाई पुन्हा दोन पोळ्यांवर आली. दुपारी काकू दुकान टाकून कधी कधी आमच्याकडे यायच्या आणि दोघी टाकीसमोर पाय पसरून बसायच्या.

असंच एकदा मी त्यांना त्या मागच्या टाकीबद्दल विचारलं. दुकान यजमानांनी काढलेलं. ती टाकी त्यांच्या हातची पहिली. ते गेले, पण टाकी कधी रिकामी केली नाही. "त्याइच्या हातचं पानी हाय ते," काकू म्हणाल्या.

माझ्यातला मास्तर गप्प बसेल तर शपथ! दर आठवड्याला पाणी बदलतं म्हटल्यावर यजमानांच्या हातचा आता एक थेंबही उरला नसणार, हा हिशेब माझ्या तोंडावर आला होता. काकूंनी तो माझ्या चेहऱ्यावर वाचला.

"समजते मले, सर. जुनं थोडं थोडं गेलं. पन जाच्या आधी त्यानं नव्याले शिकोलं ना."

मी मान खाली घातली.

मग ती दिवाळी आली. काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि त्या अकोल्याला मुलीकडे गेल्या. माशांना खाऊ घालायला मुलगी मधून मधून अमरावतीला यायची. चांगली, मायाळू पोरगी. काकू परत येतील तेव्हा दुकान दिवाळीसारखं दिसावं म्हणून तिने सगळं घासून काढलं. मागची टाकीही. गप्पी बादलीत काढल्या, काचा पावडरने घासल्या, वाळू नळाखाली धुतली, तो म्हातारा स्पंज फेकून नवा कोरा लावला. टाकी आरशासारखी केली.

हे आम्हाला कळलं ते काकू दारात उभ्या राहिल्या तेव्हा. पोट हाताने दाबून तीन मजले चढून आल्या होत्या. बाहेर अंधारलं होतं, आईने नुकताच देवाजवळ दिवा लावला होता. काकू उंबऱ्याच्या आत येईनात.

"पोरीले काई बोलली नाई मी," त्या म्हणाल्या. "मायेनंच केलं तिनं. गप्पी बादलीत हायेत, वर येऊन राहिल्या तोंड उघडून. सकाळपावतर टिकत नाईत." मग, माझ्याकडे न पाहता, "येळ चुकीची हाय, सर. मले समजते."

काय मागायला आल्यात ते मला कळलं. मी आईकडे पाहिलं. हिवरखेडला आमच्या घरून दिवेलागणीनंतर विरजण, मीठ, सुई, कधी काही गेलं नाही. सख्ख्या जावेलासुद्धा आईने सकाळी ये म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय.

आई उठली. वडिलांचं नाव कोरलेला स्टीलचा डबा तिने फळीवरून काढला, लुगड्याचा पदर खोचला, कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि स्पंज पिळला. तपकिरी पाणी डब्यात पडलं. तिने पुन्हा पिळला. डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि तो उंबऱ्याबाहेर काकूंच्या हातात दिला.

"तुमचंच हाय बाई, मावशी म्हनता ना मले?" आई म्हणाली. "घरच्या मानसाले काय सांज अन् काय सकाळ."

काकू रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होतो. डबा छातीशी धरून, एकेक पायरी जपून, त्या खाली गेल्या. गप्पी जगल्या. आठ दिवसांनी डबा परत आला, तो रिकामा नाही. त्यात बोटाच्या नखाएवढी सहा पिल्लं पोहत होती.

काकू आता नाहीत. गेल्या थंडीत गेल्या. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. मागची टाकी मुलीने हट्टाने अकोल्याला नेली, पण नेताना सगळं पाणी ओतून द्यावं लागलं आणि वाटेत स्पंज वाळला. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "आईच्या टाकीतलं पानी मुरूनच नाई राहिलं," एवढं म्हणाली आणि रडायला लागली. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "रडू नोको. सकाळच्या गाडीनं पाठोतो."

तर मी सकाळी अकोल्याच्या एसटीत बसलो, वडिलांच्या नावाचा डबा मांडीवर, दोन्ही हातांनी धरून. बडनेरा गेल्यावर शेजारचे गृहस्थ डब्याकडे पाहत म्हणाले, "भल्ले जपून राहिले. काय हाय?"

"विरजण," मी म्हणालो.

"अकोल्यात दही भेटत नाई काय?"

मी डबा सावलीत सरकवला. "दह्याचं नाही, पाण्याचं आहे," मी म्हणालो.