पाण्याची एकादशी: करंज्याच्या खाडीत माझी पहिली ट्रायथलॉन

चादरीचं एक टोक नळाला गुंडाळून मी दुसरं टोक पिळत होते. डाळ भिजत टाकून झाली होती, ओटा पुसून झाला होता, टाकी भरत आली होती. आतल्या खोलीत फोन वाजला. एवढी चादर वाळत घालू आणि मग बघू, असं म्हणून मी ती दोरीवर टाकली, नीट ताणली, चिमटे लावले. आत गेले तोवर फोन तीनदा वाजून थांबला होता. हे कामावर निघालेले, पनवेलच्या एसटी स्टँडवर छातीत कळ येऊन खाली बसले होते. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, जाऊन दहा मिनिटं झाली.

त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून वेळेची अट असलेलं काहीही समोर आलं की माझे हात गार पडतात. हे आधीच सांगून टाकते, कारण ट्रायथलॉनमध्ये वेळेची अट असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच धावायचं. मी उतरले ती लहान शर्यत. साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणं. पस्तीस मिनिटांच्या आत पाण्याबाहेर आला नाहीत तर सायकलला हात लावू देत नाहीत. तिथेच घरी. सायकलीची आणि धावण्याची मला भीती नव्हती. ती पस्तीस मिनिटं डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

मी चौपन्न वर्षांची. पोहायला लागले बावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांसाठी. दहावीनंतर शिकले नाही, पण वाचनालयातलं पुस्तक आणून कुठलीही गोष्ट करून बघायची सवय आहे. पाण्यात श्वास सोडायला मी पुस्तक समोर ठेवून बादलीत तोंड घालून शिकले. तलावावर खारघरची नीलिमा भेटली. बँकेत आहे, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही दुसऱ्यांच्या कपड्यांवर लक्ष ठेवायला येता की पोहायला?" त्याच आठवड्यात तिने माझंही नाव नोंदवलं.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. सायकली असल्यामुळे छोटा टेम्पो केला, दोघींत बाराशे रुपये. सायकल नसेल तर पनवेलहून उरणची एसटी आणि पुढे रिक्षा, स्वस्तात होतं. गव्हाण फाट्यापासून जासईपर्यंत कंटेनरच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा हाताशी एक तास जास्त ठेवा. उरण मागे पडलं की हवा बदलते. करंज्यात शिरताना आधी वास येतो, मग बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसतात, रांगांवर रांगा, आणि मग एकदम बंदर. एवढ्या होड्या एका जागी मी कधी पाहिल्या नव्हत्या. पनवेलला राहून आयुष्य गेलं आणि इथे मी पहिल्यांदाच आले होते.

आयोजकांनी गावातल्या घरांत उतरायची सोय केली होती. जेवणासकट माणशी सहाशे. आमच्या वाट्याला हिराबाईंचं घर आलं. त्यांचे यजमान दामूकाका शर्यतीत होडी घेऊन पाण्यात राहणार होते, कोणी थकलं तर उचलायला. ते त्या संध्याकाळी बोयी लावायला गेले होते, बोयी म्हणजे पाण्यात वळायच्या खुणेचे मोठे फुगे. हिराबाईंनी नीलिमाला सुरमई वाढली आणि मला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. करंज्याला येऊन वाल खाणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली म्हणे. मग मला विचारलं, एकादशी असून भाकरी कशी खाते. मी सांगितलं, आमच्या सासरी भागवत एकादशी धरतात, ती कधीकधी एक दिवस पुढे येते, म्हणजे उद्या. त्या हसल्या, म्हणाल्या, "बरा हाय तुमचा देव, एक दिस थांबतो."

हसण्यावारी गेलं. तिथेच माझी चूक समोर पडली होती आणि मला ती दिसली नाही.

मी भरतीचं गणित करून आले होते. एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं की तिथीच्या आकड्याचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. आमची सुरुवात पावणेआठला, म्हणजे मी पाण्यात असेन तेव्हा भरती पुरी होत आलेली, पाणी जवळजवळ उभं. तलावासारखं. आयोजकांच्या पत्रकात भरतीची वेळ छापलेली होती, पण माझं गणित तयार असल्यामुळे मी ते पान उघडलंच नाही.

रविवारी साडेपाचला बंदरावर गेलो. मी साबुदाण्याचे दोन वडे आणि खजूर खाल्ले. आजूबाजूला सगळे गोड चिकट काहीतरी पुड्यांतून पिळून खात होते. एका तरुणाने वड्याकडे इतकं बघितलं की मी त्याला एक देऊन टाकला. मग उजाडलं. दोनशे माणसं रंगीत टोप्या घालून धक्क्याच्या उतारावर उभी, समोर रेवसच्या बाजूचे डोंगर निळे, मध्ये ती रुंद खाडी, आणि लांब एक मालवाहू जहाज इतकं मोठं की ते हलतंय हे कळायला वेळ लागावा. माझ्या अंगावर काटा आला. यात आपण जाणार, या विचाराने.

शिटी झाली. पहिले शंभर मीटर लाथा आणि कोपरं खाण्यात गेले. मग मोकळं पाणी मिळालं आणि मी तलावातल्यासारखे हात मोजायला लागले. पन्नास हात झाल्यावर मान वर काढली. डाव्या हाताला एक लाल होडी नांगरलेली होती. आणखी पन्नास मारले. लाल होडी तिथेच. पाणी उभं नव्हतं. ते समुद्राकडून आत येत होतं आणि आम्हाला जायचं होतं समुद्राकडे.

किती वेळ तशी झगडले ते सांगता येत नाही. टोप्या पुढे निघून गेल्या. वळायची बोय दिसत होती, पण जवळ येत नव्हती. एवढ्यात दामूकाकांची होडी बाजूला आली. होडीला धरून थांबलं तर चालतं, फक्त पुढे सरकायचं नाही, असा नियम आहे. मी धरलं. वेळ विचारली. चोवीस मिनिटं झाली होती आणि मी अजून अर्ध्यातही नव्हते. हात गार पडले, बोटं वळेनात. हात वर केला की होडीत घेतात आणि शर्यत संपते. मी म्हटलं, काका, मला घ्या. मग उगाच, जाब विचारल्यासारखं, म्हणाले की एकादशीला सव्वाआठला भरती पुरी व्हायला हवी होती.

दामूकाकांनी मला वर घेतलं नाही. वल्हं मांडीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "तुजी एकादशी उपासाची, ताई. पान्याची कालच झाली. आज बारस हाय, नऊ वाजेपर्यंत पानी आतच येनार."

बारस, म्हणजे द्वादशी. बाराचा पाऊणपट नऊ. मला पाण्यातच कळलं.

"मग मी वेळेत कशी पोचणार?"

"बोय गाठ. तिथवर तुजं काम. मग पानी आननार तुला."

त्यांनी हाताने दाखवलं, सरळ नको, कडेच्या खडकाला धरून जा, तिथे ओढ कमी. मी सोडलं. ती पुढची तीसचाळीस हातांची वाट मला आयुष्यभर लक्षात राहील. खडकापाशी खरंच पाणी मऊ होतं. बोयीला हात लागला, वळसा घेतला, आणि कोणीतरी पाठीखाली हात घालावा तसं पाण्याने मला उचललं.

हे लिहायला शब्द शोधले, सापडले नाहीत. मी एक हात मारला की तीन हात पुढे जात होते. लाल होडी आली आणि गेली. चार वर्षं सगळं मीच ओढलं होतं, असं मला वाटायचं. इथे एवढं मोठं पाणी, त्याला माझं नाव माहीत नाही, आणि ते मला घेऊन चाललं होतं. मी पाण्यात रडले की नाही ते चष्म्यामुळे मलाही कळलं नाही.

उतारावर पाय टेकले. हिराबाई काठावर होत्या, त्यांनीच पहिल्यांदा ओरडून सांगितलं, पळ. घड्याळात चौतीस मिनिटं वीस सेकंद.

पुढचं थोडक्यात सांगते. सायकलचा रस्ता सपाट आहे, एका बाजूला तिवरं, पण वाळू फार, वळणावर ब्रेक जपून. धावताना ऊन वर आलं होतं. शेवटच्या किलोमीटरला मी चालले, लाज वाटली नाही. नीलिमा कधीच पोचली होती. माझी वेळ ऐकून म्हणाली, "वहिनी, आमच्या बँकेत तुमच्या गणितावर कर्ज मिळणार नाही." माझ्या वयोगटात आम्ही तिघी होतो. मी तिसरी आले. पदक मिळालं.

संध्याकाळी पनवेलला घर उघडलं. अंग ठणकत होतं. यांच्या फोटोसमोर दिवा लावला आणि सगळं सांगितलं, चुकीच्या एकादशीसकट. ती दहा मिनिटं गेली का? नाही. ती राहणार. पण त्या मिनिटांच्या शेजारी आता चाळीस सेकंदही आहेत, जे मला उरले होते. एवढंच आणलं मी करंज्याहून, आणि दोन किलो सुके बोंबील, शेजारणीने सांगितलेले.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने पुन्हा करंज्याला गेले. दामूकाकांनी होडी काढली आणि सोबत ठेवली. मी पाण्यात उतरले आणि पोहले. किती वेळ, ते कोणी घड्याळात पाहिलं नाही.