‘हलली’ म्हणायची चोरी

मोठ्या लाइनीची एक्सप्रेस होम सिग्नल ओलांडून आत शिरत होती, आणि माझे निम्मे प्रवासी तिच्याच रुळांवर उड्या मारत होते. कारण एक शब्द.

मी स्टेशनमास्तर होतो ते जंक्शन म्हणजे एका चुलीवर दोन सुना. निजामाच्या काळापासूनची छोटी लाइन, तिचे रूळ जवळजवळ. मागून आलेली मोठी, रुंद. एकीची गाडी दुसरीवर चालत नाही. म्हणून दोघींच्या मधल्या एकाच प्लॅटफॉर्मवर गाडी बदलायची. हिमायतनगरकडून छोटीने आलेली क्लासची पोरं मोठीने लातूरकडे जायची. पत्र्याच्या शेडखाली माणसं कमी, ट्रंका जास्त.

छोटी सुटली की आमचे हमाल रशीदचाचा ओरडत, “हलली, हलली!” चहा पिणारे धावत चढत. आवाज असा, की पुढच्या स्टेशनावरची म्हैस आटावी.

त्या दिवशी शेडखाली भूकंपपट्ट्यातली माणसंही होती. त्यांच्या गावी ‘हलली’ म्हणजे जमीनच. चाचांनी आरोळी दिली, छोटीच्या चाकांनी प्लॅटफॉर्म थरथरला, आणि सगळे उठले. कोणी किंचाळलं नाही. तेच भयानक. एका बाजूला छोटी होती, म्हणून मोकळ्या आभाळाखाली सगळे दुसरीकडे, मोठीच्या रुळांवर उतरले.

मी सिग्नल लाल केला, पण गाडी आत आलेली. माईकवर सांगितलं, “घाबरू नका, भूकंप नाही.” खरखरीतून एकच शब्द पोचला: भूकंप. उरलेलेही उतरले.

एक बाई पोरीला कवटाळून रुळांमध्ये बसली होती.

“आई, गाडी येऊन राहिली,” पोरगी म्हणाली.

“येऊ दे. छताखाली न्हाई जायचं.”

मी पुन्हा माईक धरला. नोकरीत मला, आणि ऐकून ऐकून प्रवाशांनाही, तोंडपाठ झालेलं तेवढं बाहेर पडलं: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. लातूरकडे जाणारी गाडी उशिरा धावत आहे.”

हॉर्न कानात घुसत होता, तरी एक लांब सुस्कारा उमटला. “हाव, लेटच असनार,” म्हणत माणसं कुरकुरत वर चढू लागली. धरणी फाटली असती तर रेल्वेने लेट कशाला सांगितलं असतं?

“लेट?” बाई ताडकन उठली. “मग पेपर कवा देशील?” तिने पोरीला वर ढकललं. चाचांनी दोघींना ओढून घेतलं, आणि बाईच्या पदराला वारा घालत इंजिन पुढे गेलं.

गाडी थांबली तशी बाई माझ्या खिडकीशी हजर. “साहेब, पोरीची परीक्षा हाय. खोटं कशाला बोलता?”

चाचांना तेव्हापासून ‘हलली’ म्हणायची चोरी. ते ‘सुटली’ म्हणू लागले. मी शिकलो ते एवढंच: माणसाला धीर द्यायचा तर खरं सांगून भागत नाही, सवयीचं सांगावं लागतं. पुढे निवृत्त होईपर्यंत ‘गाडी वेळेवर आहे’ ही घोषणा मी जरा दबक्या आवाजातच केली. उगाच लोक घाबरायचे.