मानूस मोठा हाये काय गा?

न्यूजरूममधले किस्से खिळ्याला टोचलेल्या बातम्यांच्या कॉप्यांसारखे असतात. रोज वर एक टोचला जातो, खालचे कोणी काढत नाही. नानाजी हेडाऊंचे मात्र मी जपून ठेवलेत. माणूस थांबला, किस्से थांबले नाहीत!

*

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धरमपेठेतल्या आमच्या दैनिकात कॉम्प्युटर आला. मशीन एक, टर्मिनल सहा. बातमी लिहायचा प्रोग्राम कंपनीचा. त्याला जोडायच्या छोट्या कमांड लिहायचे आमचे ऑपरेटर नानाजी, उमरेडच्या विणकर घरातले. प्रत्येकाने त्या आपापल्या खात्यात उतरवून घेतल्या. एक चूक निघाली. मी माझ्याकडे सुधारली, क्रीडावाल्याने नाही. एकाच अंकात पान एकवर 'कामठी', पान सातवर 'काम्टी'!

नानाजींनी कपाळाला हात लावला. "माग सहा असू द्या ना गा, किनार तं एक पायजे!"

त्यांनी सगळ्यांसाठी एकच फोल्डर काढलं, नाव 'चावडी'. कमांड तिथूनच वापरायची. वापरणार सगळे, बदलणार फक्त नानाजी.

*

चावडीवरची लाडकी कमांड 'ला'. तालुक्याचे बातमीदार 'त्याले', 'सरपंचाले' लिहीत. ही 'ले'चं 'ला' करायची. पहिल्याच दिवशी सहाही टर्मिनलवर चालली. 'आले, बोलले'चंही तिने तेच केलं. सकाळी अंकात ठळक अक्षरांत: 'मंत्री आला, बोलला आणि गेला.'

मंत्र्याच्या पीएचा फोन मीच घेतला. "ही काय भाषा झाली?"

"भाषेचं सोडा. आला होता की नाही?"

*

नानाजींनी दुरुस्ती केली. आता शंका आली की कमांड थांबून विचारायची: 'मानूस मोठा हाये काय गा?' 'हो' दाबलं की 'गेले', 'नाही' दाबलं की 'गेला'.

मी म्हटलं, "नानाजी, हे मशीनला कळायला नको?"

"मशीनले कसं समजन भाऊ? तुमालेच समजत नाही!"

*

मग बाहेरून नवे व्यवस्थापक आले. मंत्र्याच्या त्या बातमीची शिक्षा त्यांनी नानाजींना दिली. खातं बंद, प्रुफं वाचायला कोपऱ्यात.

"अहो, ही चावडी त्यांनी उभी केली!" मी टेबलावर हात आपटला.

"ऑपरेटर आहे तो," साहेब म्हणाले. "कोणी मोठा माणूस नाही."

नानाजी रजेचा अर्ज ठेवून उमरेडला गेले.

*

पुढच्या बुधवारी मशीनवर कोण कोण बसलंय ते पाहायची कमांड मी सहज दाबली. टर्मिनल सहा, नावं सात! सातवं नाव नानाजींचं. 'ला' कमांडवर शेवटच्या बदलाची तारीखही त्याच दिवसाची.

"साहेब, खातं बंद केलं होतं ना?"

"मी स्वतः केलं."

शुक्रवारी उमरेडच्या बातमीदाराची कॉपी एसटीने आली. नानाजी सोमवारीच वारले होते.

*

मी एकच ओळ लिहिली: 'आमचे सहकारी नानाजी हेडाऊ गेले.'

साहेब मागे उभे होते. "ऑपरेटरला 'गेले' कशाला? तुम्ही लोक डोक्यावर चढवता." मला उठवून ते स्वतः बसले आणि 'ला' चालवली.

'मानूस मोठा हाये काय गा?'

साहेबांनी 'नाही' दाबलं. शब्द बदलला नाही, प्रश्न पुन्हा आला. पुन्हा 'नाही', या वेळी जोरात.

भर दुपार होती. बाकीच्या पाची टर्मिनलवरची टकटक एकदम थांबली.

पडद्यावर अक्षरं उमटली, एकेक, नानाजी दोन बोटांनी टाइप करायचे तशी सावकाश:

'मी मोठा नव्हतो काय, साहेब?'

साहेबांचं बोट बराच वेळ हवेत होतं. मग त्यांनी 'हो' दाबलं.