बावीस पायांची चिप

रेडिओवाल्याच्या पायाला जन्मापासूनच भिंगरी होती, पण गेल्या दोन महिन्यांत तिने कहर केला होता. खिडकीपाशी जायचं, तिथून कॉम्प्युटरपाशी यायचं, उभ्यानेच पडद्यात डोकं घालायचं, भिंग लावायचं, काढायचं आणि पुन्हा खिडकी गाठायची. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने इतकं चालायचंच असेल तर बागेत चालावं. हा पठ्ठ्या दहा बाय बाराची खोली तुडवत होता.

कारण त्याच खोलीत खुर्चीवर बसलेलं असायचं. त्याची बायको. निवृत्त शिक्षिका, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना बाई म्हणत, आणि कौतुकाने हाही तेच म्हणायचा. सव्वीस वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये बाईंचा आवाज गेला. तेव्हा जुन्या बाजारातून त्याने एक बोलणारी पेटी आणली आणि खटपट करून तिला मराठी उच्चार शिकवले. अक्षरं दाबली की पेटी बोलायची. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि ‘ळ’ तर तिला कधीच जमला नाही. बाई काळजी करायच्या, पेटी ‘कालजी’ करायची. पण याच आवाजात बाईंनी नातवंडांचे पाढे घेतले होते आणि घरमालकाला दोनदा गप्प बसवलं होतं. तो आता त्यांचाच आवाज होता.

दोन महिन्यांपूर्वी पेटी मुकी झाली. आवाज घडवणारी चिप जळाली. काळी, बावीस पायांची. बाई तिला गोम म्हणायच्या. तसली चिप बनवणं कधीच बंद झालं होतं. मुलाने धावत जाऊन नवा टॅब आणला. त्यातून स्वच्छ, गोड, ‘ळ’सकट आवाज आला. बाईंनी तो एक दिवस वापरला आणि पाटीवर लिहिलं, “ही कोण बाई माझ्या घरात?” टॅब कपाटात गेला.

तेव्हापासून रेडिओवाल्याचा शोध चालू होता. जुन्या चिप्स इंटरनेटवर किलोच्या भावाने विकल्या जातात. घेणारे बहुतेक सोनं गाळणारे. ढीगभर चिप्स गाळून चिमूटभर सोनं काढतात. विकणाऱ्याला आपण काय विकतोय याचा पत्ता नसतो, तो नुसता ढिगाचा फोटो टाकतो. त्या फोटोत डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आधी पाय मोजायचे, मग आकडे वाचायचे. पाठीवर चार आकडे सुटे असले तर ती बहुधा जन्मतारीख: ८१२७ म्हणजे एक्याऐंशी साल, सत्ताविसावा आठवडा. नवखा माणूस त्यालाच चिपचं नाव समजतो आणि भलतीच किंमत लावून मोकळा होतो. रेडिओवाला चाळीस वर्षं दुरुस्तीत मुरलेला होता. चिपची नुसती कड बघून तो मोल सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही.

एका सोमवारी त्याला चार किलोच्या ढिगात ती कड दिसली. वर दुसऱ्या चिप्स पडलेल्या, नाव झाकलेलं, पण एका बाजूला अकरा पाय, म्हणजे एकूण बावीस, आणि सालही त्या चिपच्याच काळातलं: ८१२७. लिलाव बुधवारी दुपारी संपणार होता. ढिगात सोनं किती निघेल याचा त्याने अंदाज बांधला. गाळणारे त्यापुढे जाणार नव्हते. त्याने सरळ दुप्पट बोली लावली, आणि तरीही शेवटची दहा मिनिटं त्याचा जीव टांगणीला लागला होता. ढीग त्याला मिळाला. मग पार्सल येईपर्यंत नऊ दिवस त्याने कुरिअरवाल्याला फोन करकरून भंडावून सोडलं.

पार्सल आलं, तसं त्याने ते जमिनीवर पसरलेल्या चादरीवर ओतलं. चिप सापडली. नावही बरोबर होतं. पण छपाई जरा जास्तच पांढरी वाटली, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. लबाड लोक साध्या चिपची पाठ घासून वर दुर्मिळ नाव छापतात. त्यावर परीक्षा ठरलेली: अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवायचा. नकली छपाई निघते, अस्सल टिकते. हजारदा केलेलं काम त्याने उभ्या उभ्या उरकलं. नाव कापसावर उतरलं.

“नकली,” एवढंच म्हणून त्याने चिप भंगाराच्या डब्यात फेकली आणि खिडकी गाठली. त्याला रडू येत होतं आणि ते बाईंना दिसू नये एवढीच त्याची धडपड होती.

बाई उठल्या. पेटीतून काढलेली जळकी चिप त्यांनी घेतली. सव्वीस वर्षं त्यांच्यासाठी बोललेली, म्हणजे अस्सल असल्याबद्दल शंकाच नाही. तिच्यावर त्यांनी तोच बोळा फिरवला आणि नवऱ्याचा हात धरून त्याला दाखवलं. तिचंही नाव पुसलं गेलं होतं. त्या कारखान्याची शाईच कच्ची होती. सगळा वर्ग नापास झाला तर प्रश्नपत्रिका तपासून बघावी, हे शिक्षिकेला सुचलं. चाळीस वर्षं मुरलेल्या कारागिराला सुचलं नाही.

त्याने गुडघे टेकून डबा उपसला. चिपचे दोन पाय वाकले होते, ते श्वास रोखून सरळ केले आणि चिप पेटीत बसवली. दिवा लागला. त्याच्या जिवात जीव आला. बाईंनी सावकाश, एकेक अक्षर दाबलं. पेटी खरखरली, आणि तोच डब्यातला आवाज आला, ना चढ, ना उतार:

“बसा आता. दोन महिने झाले, तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत.”

रेडिओवाला होता तिथेच, सांडलेल्या चिप्समध्ये, खाली बसला.