मोठ्या बाबांचा आवाज

मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, जाम गावाजवळ भाजीपाला पिकवायचे. कुणाच्या वांग्यावर अळी पडली, टमाटर सुकायला लागले, की लोक त्यांच्याकडे यायचे. मी वर्ध्यात वेबसाइट बनवण्याचं काम करते. एका उन्हाळ्यात हौसेनं त्यांच्यासाठीही एक बनवली. ते पिकांबद्दल बोलायचे, मी मोबाइलवर रेकॉर्ड करून तिच्यावर चढवायची. बोलता बोलता ते मोठ्या आईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारायचे, "चाय मांडतं का व?" तेही मी काढून टाकलं नाही.

वर्षभरात मोठे बाबा अचानक गेले. त्यानंतर मोठी आई दुपारचं जेवण झालं की मोबाइल घेऊन बसायची आणि एकेक रेकॉर्डिंग ऐकायची.

वेबसाइट उघडली की अपडेट बाकी असल्याची सूचना मला दिसायची. गिऱ्हाइकांचं मी वेळच्या वेळी करायची. ही घरची, म्हणून उद्यावर ढकलायची.

एका दुपारी मोठ्या आईचा फोन आला.

"पोरी, इथं जुगाराची जाहिरात दिसून राह्यली. तुये मोठे बाबा कुठी गेले?"

मी लॅपटॉप उघडला. जुन्या, अपडेट न केलेल्या भागातून कुणीतरी आत शिरून सगळं पुसलं होतं. बॅकअप मी त्याच सर्व्हरवर ठेवला होता, तोही गेला होता. दुसऱ्या कुणी असा हलगर्जीपणा केला असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं. सर्व्हरवाल्यांकडे जुनी प्रत नव्हती. ज्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं, तो मी कधीच बदलला होता. गावात विचारलं, तर सगळ्यांकडे फक्त लिंक होती. ती दाबली की जुगारच उघडायचा.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी गेले आणि वेबसाइटमध्ये चोर शिरल्याचं मोठ्या आईला सांगितलं.

"पण त्या चोराले वांग्याच्या अळीचं काय करायचं होतं व?"

"काहीच नाही. त्याला फक्त जाहिरातीला जागा पाहिजे होती."

"मंग तुया मोठ्या बाबाचा आवाज कुठी टाकला त्यानं?"

"पुसला, मोठी आई."

"तू काऊन रडून राह्यली? तुनं थोडी पुसला?" ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी मात्र त्या अपडेटचं तिला सांगूच शकले नाही. अजून सांगितलेलं नाही.

आता प्रत्येक वेबसाइटची एक प्रत मी वेगळ्या डिस्कवर ठेवते. मोठे बाबा काय काय बोलले होते, तेही आठवेल तसं वहीत लिहून काढलं आणि परवा मोठ्या आईला वाचून दाखवलं.

"असं नाई म्हणत होते ते," ती म्हणाली.

"मग कसं म्हणायचे?"

तिनं दोनदा तोंड उघडलं. पण तिलाही ते त्यांच्यासारखं म्हणून दाखवता येईना.