डावी खिडकी, उजवी खिडकी

जून महिना, सोमवार, सकाळ. ठिकाण वाटूर फाटा. हजर: अण्णा, धाकटा भाऊ दिलीप, शेजारचे रहीमचाचा, दोन बॅगा आणि मी. गैरहजर: आई.

आई मुद्दाम आली नव्हती. आमचं घर फाट्यापासून थोडं पुढं, जालन्याच्या बाजूला, रस्त्याला लागून. सकाळी डबा बांधताना तिनं सांगून टाकलं होतं, "फाट्यावर समदे बघत राह्यतेत, मला तिथं रडता येत न्हाई. मी ओट्यावर उभी राह्यते. तू डाव्या खिडकीत बस. येताना उजव्या."

"आन् खिडकी न्हाई भेटली तर?" दिलीपनं तिला डिवचलं.

"मंग उभी राहा. पण तोंड डावीकडं."

खिडकी मिळाली नाहीच. मी उभी राहिले, तोंड डावीकडं. कंडक्टर म्हणाला, "ताई, पुढं सरका." मी सरकले नाही. ओटा आला, आईचा वर झालेला हात दिसला आणि मागं गेला. मग मी पुढं सरकले. पुण्याला शिकायला निघाले होते मी. तिथून पुढं आणखी लांब जाईन, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

आज मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक विशेष स्फटिक असतो, टोपोलॉजिकल इन्सुलेटर. आतून तो वीज अडवतो आणि पृष्ठभागावरून वाहू देतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे समजा एका चिमुकल्या चुंबकाचं तोंड. या पृष्ठभागावर ते तोंड प्रवासाच्या दिशेला आडवं बांधलेलं असतं. एका दिशेनं निघालेल्यांचं तोंड एका बाजूला, उलट निघालेल्यांचं दुसऱ्या. हे डोळ्यांनी दिसत नाही, विजेनं ओळखावं लागतं. त्यासाठी स्फटिकावर कोबाल्टचा बारीक पट्टा बसवायचा आणि त्या पट्ट्याचं चुंबकत्व फिरवायचं. व्होल्टेज एका लहानशा पायरीएवढं बदलतं. मग प्रवाह उलटा करायचा. पायरीही उलटी झाली, तर ती स्पिनची असण्याची आशा. नाही झाली, तर बहुधा उष्णतेची लबाडी. म्हणून एकाच दिशेचं मोजमाप मी वहीत घेऊ देत नाही. विद्यार्थी म्हणतात, मॅडमचं सगळं जाऊन-येऊन असतं.

हे मी एकदा आईला फोनवर समजावून सांगितलं.

"म्हंजे जाताना डावीकडं, येताना उजवीकडं," ती म्हणाली. "हे तर मी तुला फुकट सांगितल्तं."

मग तिनं विचारलं, "पण त्यांचं घर कोणत्या बाजूला असतंय?"



शिकत होते तेव्हा पुण्याहून वाटूरला जायचं म्हणजे दिवसभराचा प्रवास, धूळ, मांडीवर डबा. आता विमान, पुढं टॅक्सी, आणि फोनवर लोकेशन पाठवलं की आईच्या आधी शेजाऱ्यांना कळतं मी कुठवर आले ते. तरी कोणत्याही गाडीत बसले की मी आधी बघते, वाटूर कोणत्या अंगाला राहील. बेंगळुरूच्या मेट्रोतसुद्धा. तिथून वाटूर दिसत नाही, हे मला कळतं. पण मान वळते. वाटूरला राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच आहे: ती मान वळवणारी बाजू.

अण्णा आता नाहीत. दिलीप पुण्यात. यंदा दिवाळीनंतर आई त्याच ओट्यावरून उतरताना पडली. हाड वाचलं, पण एकटीनं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मी सुट्टी काढली, कामांची यादी केली: औषधं, गॅस बंद करणं, तुळशीला पाणी घालायला कोण. आई बेंगळुरूला यायला तयार झाली, पण एका अटीवर.

"दोन्ही तिकिटं काढ. येन्याचं हातात दिसलं न्हाई तर मी गाडीत बसनार न्हाई."

रहीमचाचा तिथंच बसले होते. म्हणाले, "भाभी, फिकीर नका करू. ओट्यावर मी उभा राह्यतो. हात बराबर हलवतो."

"तुम्ही हात हलवायला लागल्यावर गाडीवाला म्हनंल, पाशिंजर घ्यायचंय," आई म्हणाली. हसताना तिनं पदर डोळ्यांना लावला.

जाण्याचं तिकीट काढलं. टॅक्सीवाल्याला सांगितलं, आई डावीकडं बसेल. बॅगा भरल्या, किल्ली रहीमचाचांकडे द्यायची ठरली. राहता राहिली परतीची तारीख. डॉक्टर ती देत नाहीत, आणि खोटी तारीख टाकून तिकीट आईच्या हातात ठेवणं मला जमत नाही. पडद्यावर तो रकाना उघडते आणि मिटते.

बाकी सगळ्यावर खूण झाली आहे. एवढं करायचं आहे: येण्याचं तिकीट, उजवी खिडकी.