अर्धा सूर खाली

करंटला स्वस्थ बसलेलं पाहिलंय असं छातीठोकपणे सांगणारा माणूस गल्लीत सापडायचा नाही. दुकानात मोटर पुढ्यात असली तरी टेबलाखाली पाय ठेका धरून असतो. घरी जेवताना उजवा हात घास उचलतो आणि डाव्याची बोटं टेबलाच्या कडेवर पळत असतात. बायको म्हणते, "झोपेतसुद्धा यांची बोटं चादरीवर चरतात. चादरी विरतात त्या धुण्यानं नाही."

जळालेल्या पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटरी उसवायच्या, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश देऊन वाळवायच्या, हा त्याचा धंदा. पण त्याला करंट म्हणतात ते त्यासाठी नव्हे. तरुणपणी एका कार्यक्रमात माइकला ओठ लागून त्याला असा शॉक बसला की माणूस मागच्या मागे उडाला, पण गिटार थांबली नाही. निदान करंट तरी असंच सांगतो. बँडचा गायक भोंगा सांगतो की गिटार थांबली होती, फक्त बायाबापड्यांच्या किंकाळ्यांत कुणाला कळलं नाही.

तेव्हा त्याचे केस खांद्यावर आणि पँट जमिनीवर लोळायची. आता केसांनी कायमची रजा घेतलीय आणि पँट पोटाखाली मिळेल तिथे राहते. गिटार मात्र तीच, लाल, कडेचा रंग उडालेली. बँडच्या शेवटच्या गाण्यात सगळे मागे सरायचे आणि करंट एकटा सुटायचा. त्या तुकड्याचं नाव घोडदौड. सूर असे टपाटप पडायचे की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. करंटच्या उभ्या आयुष्यात त्याची म्हणावी अशी हीच एक मालमत्ता. दुकान भाड्याचं, आणि घरात शब्द बायकोचा.

तर झालं असं, की कामगार सभागृहावर नवं छप्पर चढलं आणि कमिटीनं ठरवलं की उद्घाटनाला जुना बँड बोलवायचा. भोंग्यानं बातमी आणली तेव्हा करंटच्या हातात अर्धी भरलेली मोटर होती. ती तशीच ठेवून तो उठला, दुकानात तीन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "घोडदौड आहे ना?"

"तिच्याशिवाय तुला कोण बोलावतंय," भोंगा म्हणाला.

आता खरी गोम ऐका. करंटच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकलं की अडकायचं. मग जोर करावा तेव्हा 'टक' करून सुटायचं. शर्टाची बटणं लावताना बायकोनं ते केव्हाच हेरलं होतं आणि त्याला ओढत दवाखान्यात नेलं होतं.

"वापर कमी करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

"बोटाचा?"

"गिटारीचा. नाहीतर तळहातात एक इंजेक्शन घ्या, बऱ्याच जणांचं मोकळं होतं."

इंजेक्शन म्हटल्यावर आयुष्यभर विजेशी खेळलेला हा मर्द चप्पल न घालताच रस्त्यावर आला. चपला मागून बायकोनं आणल्या.

तालमी मॅनेजरच्या घरी. मॅनेजर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला कीबोर्डवाला. सोफ्यावर अजून प्लास्टिक, शर्टाला इस्त्री आणि गाण्याआधी हात धुवायची सवय. बेस वाजवणारा लेकीकडे परदेशी गेल्यापासून मॅनेजरचा डावा हात तेही काम बघायचा. ड्रमवाला एका गुडघ्यानं नवा होता, बाकी जुनाच.

पहिल्याच तालमीत घोडदौड आली, करंट सुटला आणि चौथ्या उडीला बोट अडकलं. सूर फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच.

"काय रे करंट, घोडं कुठे पेंड खातंय?" भोंग्यानं विचारलं.

"तार जुनी झालीय."

मॅनेजरनं घसा साफ केला. बँकेत कर्ज नाकारताना करायचा तसा. "राग मानू नकोस. पण तो तुकडा मी कीबोर्डवर घेतला तर? सूर सगळे पाठ आहेत मला. लोकांना काय, घोडा पळाल्याशी मतलब."

करंट उठला. गिटार पिशवीत घालताना पिशवीची चेन तेवढी जरा जोरात ओढली. चेनचा दात तुटला.

त्यानंतरचे दिवस बायकोनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. दुकानात बसवेना, घरात बसवेना. दोन पंखे त्यानं असे भरले की ते उलटे फिरायला लागले आणि गिऱ्हाईक हवा छताला लागतेय अशी तक्रार घेऊन आलं. संध्याकाळी गिटार मांडीवर. शेजाऱ्यांच्या धाकानं विजेशिवाय वाजवायचा, त्यामुळे भिंतीपलीकडे ऐकणाऱ्याला वाटावं, उंदीर खोकं कुरतडतोय. टिकटिक टिकटिक, टक. पुन्हा पहिल्यापासून.

"मॅनेजर घेतो म्हणतोय तर घेऊ दे की," बायको एकदा म्हणाली.

"उद्या तो तुला सांभाळतो म्हणाला तर?"

"शर्टाला इस्त्री तरी असते त्याच्या."

इलाज त्याला ठाऊक नव्हता असं नाही. तारा जरा सैल करायच्या, अर्ध्या सुरानं खाली आणायच्या. बोटांखाली मऊ लागतात, कमी जोरात दबतात. जगभरचे म्हातारे गिटारवाले हेच करतात. पण त्यासाठी सगळ्या बँडला अर्धा सूर खाली यावं लागतं, म्हणजे तोंड उघडून सांगावं लागतं. आणि तिथेच त्याची जीभ आडवी येत होती. तरुणपणी दुसऱ्या बँडचा एक वयस्कर गिटारवाला खालच्या सुरात वाजवताना दिसला, तेव्हा ह्याच करंटनं भर सभागृहात म्हटलं होतं, "आजोबांनी खाट टाकली." शब्द असा चिकटला की गावातले सगळे बँड सूर उतरवण्याला तेव्हापासून खाट टाकणंच म्हणायला लागले. त्या बिचाऱ्या माणसाला तर पुढे लोक खाटवाले म्हणूनच ओळखायचे.

शेवटी पुढच्या तालमीला, मॅनेजर हात धुऊन यायच्या आत, त्यानं भिंतीकडे बघत सांगून टाकलं. "अर्धा सूर खाली घेऊ या."

ड्रमवाल्यानं काठ्या खाली ठेवल्या. "म्हणजे खाट टाकायची?"

"हो. टाक."

कुणी हसेल म्हणून करंटनं मान खाली घातली होती. हसलं कुणीच नाही. भोंगा मात्र उगाच पाणी प्यायला. "आता तू म्हणतोस तर... मला काय, मी कुठल्याही सुरात गातो. पण मित्रासाठी एवढं करायलाच पाहिजे." असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जी टवटवी आली ती बघून करंटच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या तालमीत हा पठ्ठ्या वरची ओळ आली की खिडकीकडे तोंड करून गात होता. गळा चढत नव्हता. कुणीतरी दुसऱ्यानं खाट मागावी म्हणून वाट बघत होता, लबाड.

"गाढवा, आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुझा शब्द आहे लेका. मानाचा. मी कशाला वापरू?"

मॅनेजरनं कीबोर्डवरचं बटण दाबलं आणि त्याचे सगळे सूर एका क्षणात अर्ध्यानं उतरले. "माझ्याकडे सोय आहे," तो म्हणाला. करंटला त्या बटणाचा राग आला, पण तारा उतरवल्या आणि घोडदौड निभावली. धावली नाही, निभावली. मॅनेजर म्हणाला, "ठीक. पण मी तयारीत असेन."

उद्घाटनाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. नव्या छपराला रंगाचा वास येत होता. करंट पडद्यामागे अशा येरझारा घालत होता की कमिटीच्या माणसानं दोनदा विचारलं, काही हरवलंय का. गाणी बरी गेली. शेवटचं गाणं आलं. त्याची पहिली ओळ भोंगा एकटाच गातो, वाद्यांशिवाय. आणि तिथे भोंग्याचा घात झाला. समोर गर्दी, त्यात तरुणपणी चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांपैकी दोघी पहिल्या रांगेत. चढलं त्याला. छाती फुगवून त्यानं ओळ उचलली ती थेट जुन्या सुरात.

मॅनेजरनं बटण दाबलं, तो वर गेला. ड्रमला सूर नसतो. राहिला करंट, सैल तारा घेऊन. भर गाण्यात त्या कुठे कसणार? साथीपुरतं त्यानं हात गिटारीच्या दांडीवर एक घर पुढे सरकवून भागवलं. डोक्यात एकच घोष, घोडदौडीला एक घर पुढे, एक घर पुढे.

पण वेळ आली तेव्हा डोकं विचारतंय कोण. हात ज्या जागी उभं आयुष्य पडला त्याच जागी पडला. पहिलाच सूर अर्ध्यानं खाली, अगदी उघड बेसूर.  बोट उचलायला वेळ नव्हता, म्हणून करंटनं तार होती तिथूनच वर ढकलली. सैल होती, वाकली. सूर कण्हत कण्हत वर चढला आणि बरोबर जागेवर जाऊन बसला.

आणि बोट अडकलं.

आता घोडा जागच्या जागी. मॅनेजरचे हात कीबोर्डवर आले, त्यानं मान उडवून विचारलं, घेऊ? करंटनं मानेनंच नाही म्हटलं. मग अडकलेल्या बोटानंच तो ती तार खाली सोडत होता, पुन्हा वर ढकलत होता, थरथरवत होता. मागचा भला मोठा स्पीकर तोच सूर धरून आपणहून किंचाळायला लागला. मॅनेजरनं हात काढून मांडीवर ठेवले. बऱ्याच वेळानं 'टक' झालं, बोट सुटलं, आणि उरलेली जागा करंटनं दुडक्या चालीनं भरून काढली. भोंगा परत गायला लागला तोवर लोक उभे राहिले होते.

नंतर जो तो पाठ थोपटायला. वयाबरोबर कसा परिपक्व झालाय, एकाच सुरात सगळं सांगितलं. मॅनेजर तर गहिवरला. "पूर्वी तू नुसता पळायचास रे. आज वाजवलंस."

"परिपक्व म्हणजे गळायला आलेलं," करंट म्हणाला आणि चेनचा दात तुटलेली पिशवी काखेत मारून निघाला.

रस्त्यात बायको म्हणाली, "काही म्हणा, तो सूर शेवटपर्यंत सोडला नाहीत."

"सोडला नाही कुठे. सुटेना."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग बोटाकडे, आणि असं हसू फुटलं की दिव्याच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं तिला. तोही हसला थोडा. मग लगेच पाय झपाझप पडायला लागले.

"आता झालं ना मनासारखं?" तिनं मागून विचारलं. "उद्यापासून जरा शांत बसाल?"

"झालं काय? घोडदौड राहिलीच."

दुसऱ्या दिवशी करंटचं दुकान बंद दिसलं तेव्हा गल्लीला वाटलं, कालच्या कौतुकानं माणूस झोपलाय. माणूस दवाखान्यात होता, आपल्या पायांनी आणि चपलांसकट. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली तेव्हा डोळे घट्ट मिटून त्यानं डावा तळहात पुढे केला. दुसऱ्या हातानं बायकोचं मनगट पकडलं होतं.

"हलू नका," बाई म्हणाल्या.

"डावा हललाय का?"

डावा खरंच हलला नव्हता. उजवा मात्र बायकोच्या मनगटावर, काचेच्या बांगड्या वाजवत, केव्हाच सुटला होता.